अकरावे कार्ड

सोमवार, ३

नोकरी लागली. ताईला फोनवर सांगितले तेव्हा ती आधी रडली आणि मग तिने काम काय ते विचारले. मी म्हणालो, पोट दुखायचे. तिला वाटले मी थट्टा करतो आहे. मागून भाऊजी म्हणाले की शाळेच्या दिवशी ह्याचे पोट रोज दुखायचे, शेवटी अनुभव कामाला आला. मीही हसलो. आज भाऊजींचाही राग आला नाही.

काम खरोखर तेच आहे. ह्या इस्पितळाला जोडून डॉक्टरकीचे कॉलेज आहे. पोटाचे कोणते दुखणे शस्त्रक्रियेचे आणि कोणते नाही, हे मुलांना तपासून ओळखता यावे लागते. खऱ्या रुग्णाच्या पोटावर चाळीस जणांनी हात दाबले तर त्याचे हाल होतील, म्हणून माझ्यासारखा धडधाकट माणूस खाटेवर निजवतात. प्रत्येक दुखण्याचे एक कार्ड आहे. त्यात लिहिले असेल तसे कण्हायचे, लिहिले असेल तिथे दचकायचे. एकूण अकरा कार्डे. शिकवणारे सर्जन आहेत, त्यांना सगळे नुसते सर म्हणतात. त्यांचे हात थंडगार आहेत.

राहायला वॉर्डामागची खोली दिली आहे. लोखंडी खाट, पत्र्याचे कपाट, बेसिन, खिडकी. नववीत शाळा सुटल्यापासून मला स्वतःची खोली नव्हती. किल्ल्या वॉर्डच्या शिपायाकडे असतात, त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात. माझ्याआधी सहा वर्षे एक काका हे काम करायचे. ते आता कुठे असतात, असे मी विचारले. मामा चादरी घड्या करत होते. म्हणाले, "ते गेले." ह्याहून चांगली नोकरी कोणती मिळाली असेल, ह्याचा मी बराच वेळ विचार केला.

बुधवार, ५

शिकण्यासारखे खूप आहे. पित्ताच्या खड्याचा किंवा मुतखड्याचा रुग्ण लोळतो, त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. पोटात पू पसरलेला रुग्ण मात्र अजिबात हलत नाही, गुडघे वर घेऊन पडून राहतो, कारण श्वासानेही दुखते. म्हणजे जो जास्त ओरडतो तो जास्त आजारी, असे नाही. मला हे पटायला वेळ लागला.

अपेंडिक्सचे कार्ड सर्वांत अवघड. पहिल्या दिवशी बेंबीभोवती नुसते ओढल्यासारखे होते, भूक जाते. दुसऱ्या दिवशी दुखणे उजवीकडे खाली सरकते. दाबताना जितके दुखते त्याहून जास्त हात झटकन सोडताना दुखते. डावीकडे दाबले तरी उजवीकडे कळ जाते. मी चुकून दाबतानाच ओरडलो, तर सर म्हणाले, घाई कशाला, सोडतील तेव्हा ओरड.

तिसऱ्या दिवशी कधी कधी रुग्ण स्वतःच सांगतो की एकदम बरे वाटते आहे. सरांनी मुलांना विचारले, मग काय कराल? एक जण म्हणाला, घरी सोडू.

"सोडा की," सर म्हणाले. "परत येईल तो आडवा येईल."

मुले हसली. मग सरांनी समजावले की तेव्हा अपेंडिक्स फुटलेले असते. ताण गेला म्हणून दुखणे गेले. पुढे काही तासांत पोट फळीसारखे कडक होते.

मी हे सगळे वहीत उतरवून घेतले आहे.

शनिवार, ८

आज एकोणचाळीस मुलांनी तपासले. चाळिसाव्या मुलीला बाकीचे शंकासुर म्हणतात, कारण ती प्रत्येक गोष्टीला पण आणि समजा लावते. ती एकटी पोटाला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर चोळून ऊन करते. ती दाबताना पोटाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहते. सरांनी ह्यावर तिचे कौतुक केले आणि लगेच उशीर केल्याबद्दल गुण कापले.

बुधवार, १२

कार्डे फार मळली आहेत आणि शुद्धलेखन पाहवत नाही. 'स्थीर', 'तिव्र', 'पिडा'. मी सरांना भीत भीत विचारले की सगळी नव्याने लिहून काढू का. माझे शिक्षण कमी असले तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, अक्षरही बरे आहे. सर मोबाईलवर होते. म्हणाले, जे जे आहे ते सगळे घे, काही गाळू नको.

दोन दिवस लागले. अकरावे कार्ड वेगळे आहे. त्यातल्या माणसाच्या पोटात काहीच नाही. तो नुसता कांगावखोर आहे, काम टाळायला दुखणे काढतो आणि ऑपरेशन करा म्हणून हातापाया पडतो. विद्यार्थ्याने फसायचे नाही. 'काही नाही, घरी जा' असे गोड शब्दांत सांगायचे, तेच बरोबर उत्तर. ऑपरेशन सांगणारा नापास.

ह्या कार्डाच्या समासात पेन्सिलीने थरथरत्या हाताने आणखी लिहिले आहे: 'रूग्ण म्हणतो हे नाटक नाही. रूग्ण म्हणतो सरांना बोलवा. रूग्ण म्हणतो मला खरोखर ताप आहे, हात लावून बघा.' तिन्ही ठिकाणी रू दीर्घ. मी तो ऱ्हस्व केला, वाक्यांना क्रमांक दिले आणि कार्डात योग्य जागी बसवली. त्याने कार्ड पुष्कळ जिवंत झाले आहे.

सोमवार, १७

सरांनी नवी कार्डे पाहिली. अकरावे वाचून हसले आणि म्हणाले की परीक्षेत खाट क्रमांक चारवर हेच ठेवू. परीक्षेचे तीन दिवस नीट पार पडले तर माझी नोकरी कायम करण्याबद्दल ते वर लिहिणार आहेत. कायम झालो तर शहरात खोली घेईन आणि ताईला म्हणेन की ये, इथे तुला कोणी टाकून बोलणार नाही. तिला मी हे अजून सांगितलेले नाही. आधी होऊ दे.

रविवार, २३

उद्यापासून परीक्षा. कोणत्या खाटेवर काय आहे हे फुटू नये म्हणून मला तीन दिवस वॉर्डाबाहेर जाता येणार नाही. फोन जमा केला. बाहेरच्या दाराला कुलूप, किल्ली मामांकडे. परीक्षक दुसऱ्या गावचे आहेत. ते पडद्याशेजारी बसून यादीवर खुणा करतील आणि परीक्षा चालू असताना माझ्याशी बोलणार नाहीत, तसा नियम आहे. ताप आणि नाडी विद्यार्थी मोजत नाहीत. त्यांनी विचारले, तर परीक्षक पाकिटातली चिठ्ठी देतात, तिच्यावर कार्डाप्रमाणे आकडे असतात. माझ्या चिठ्ठीवर सगळे उत्तम आहे.

जेवण गेले नाही. परीक्षा त्यांची आणि धसका मला.

सोमवार, २४

सकाळपासून बेंबीभोवती ओढल्यासारखे होते आहे. एकदा उलटी झाली. कोणाला सांगितले नाही. पहिल्याच दिवशी कुरकुर केली तर कायम कोण करणार.

काम चांगले झाले. तेरा जण आले, बारा फसले नाहीत. तेरावी शंकासुर. तिने हात चोळून ऊन केले, दाबले आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. मी कार्डातलेच बोललो, हे नाटक नाही. ती थांबली. परीक्षकांना म्हणाली की ह्यांना खरंच काहीतरी होतंय, आत्ता ताप मोजा. त्यांनी चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी न वाचता म्हणाली, ऑपरेशनची तयारी ठेवावी लागेल. परीक्षकांनी खूण केली. ती नापास झाली. बाहेर मुले तिला चिडवत होती की खाट चारच्या खोटारड्याने शंकासुराला गिळले. म्हणजे आता सगळ्यांना कळले आहे.

मला वाईट वाटले. मी तेव्हा खरे बोललो की कार्डातले, ते मलाच नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी सर डोकावले. थोडे दुखते आहे असे सांगितले. ते दारातूनच म्हणाले की भूमिका अंगात शिरते, सगळ्यांना होते, हलके खा.

मंगळवार, २५, सकाळ

दुखणे उजवीकडे खाली सरकले आहे. खोकलो तर डोळ्यांपुढे अंधारी येते. मी स्वतःच दाबून पाहिले. दाबताना तेवढे नाही. सोडताना—

डावीकडे दाबले. कळ उजवीकडे गेली.

पाचव्या तारखेचे पान उघडून पाहिले. शब्द न शब्द तसाच आहे.

मंगळवार, दुपार

पहिला मुलगा आला तेव्हाच सांगितले, हे नाटक नाही. तो हसून म्हणाला, हो काका. मला अजून मिशीही नीट फुटलेली नाही. दुसऱ्याला म्हणालो, सरांना बोलवा. तिसऱ्याचा हात धरून कपाळावर ठेवला. त्याने हात काढून घेतला, परीक्षकांकडे पाहिले आणि म्हणाला, "काही नाही, घरी जा."

नियम मोडून मी परीक्षकांशीच बोललो. म्हणालो, साहेब, मी भाड्याचा माणूस आहे, माझे खरेच दुखते. त्यांनी कार्ड हातात घेतले. बोट ठेवून एक वाचले, दोन वाचले, तीन वाचले.

"सगळं आहे की ह्यात," ते म्हणाले. "अक्षर मात्र सुंदर आहे."

मग कार्डात नसलेले काहीतरी बोलायचे ठरवले. ताईचे नाव घेतले. तिला माझ्याजवळ आणायचे आहे हे सांगितले. दोन मुली हळूच टाळ्या वाजवून गेल्या.

मंगळवार, संध्याकाळ

कपाटाच्या तळाचा कागद उचकटला, औषध असेल म्हणून. खाली काकांची वही. पहिल्या पानापासून सगळीकडे रूग्ण. रू दीर्घ. तेच अक्षर. समासातले.

ती भूमिका नव्हती. ते हाका मारत होते. मी त्यांना क्रमांक दिले.

मामा जेवण घेऊन आले. मी विचारले, काका गेले म्हणजे कुठे गेले. मामा म्हणाले, गेले म्हणजे गेले. ह्याच परीक्षेत, चार नंबरवर. शेवटचा मुलगा तपासून गेला, सगळे चहाला गेले. "आम्हाला वाटलं झोपलेत," मामा म्हणाले. "गुडघे वर घेऊन. शहाण्यासारखे."

मी पाय धरले. कुलूप काढा म्हणालो. मामांनी पाय सोडवून घेतले. एक दिवस उरलाय, म्हणाले, तुझंही कायम होईल आणि माझंही जाणार नाही. सरांना निरोप द्या म्हटले, तर म्हणाले, सर पाहुण्यांबरोबर जेवायला गेलेत. जाताना म्हणाले, काकासुद्धा अस्सेच करायचे, तू त्यांच्या वरताण आहेस.

बुधवार, २६, सकाळ

दुखत नाही.

उठलो तर काहीच नाही. हलके वाटते. पाणी प्यालो. किती दिवसांनी खिडकीपाशी उभा राहिलो. उगाच घाबरलो होतो, भाऊजी हसतील—

तिसरा दिवस आहे.

तिसरा

बुधवार, दुपार

हलत नाही. हलता येत नाही. गुडघे वर.

श्वास लहान घ्यावा लागतो—

ओरडत नाही म्हणून परीक्षक नाराज. आज रंगत नाही म्हणाले. सर येऊन गेले. पोटाला हात लावला नाही. लिहितो म्हणाले, वर. कायम.

एका मुलाने दाबले. हात थबकला. पुन्हा दाबले. त्याला कळले. मी त्याच्या डोळ्यांत पाहिले, त्याला कळले. फळी. बोलायला तोंड उघडले त्याने. मग शंकासुराची आठवण झाली असेल. परीक्षकांकडे पाहिले.

"काही नाही," म्हणाला. "घरी जा." आवाज बारीक झाला होता. त्याला पूर्ण गुण.

बुधवार

चहाला गेले सगळे. वही उशीखाली होती. कार्ड उशाशी.

समासात लिहितो. पेन्सिल आहे. पण कसे— कसे लिहू म्हणजे पुढचा भूमिका समजणार नाही. त्यालाही काम नीट करायचे असेल. त्याचेही अक्षर चांगले

रूग्ण म्हणतो

दीर्घ पडला. माझ्याकडून कधी— खोडायला हात उचलत नाही

राहू दे. तसाच राहू दे. पुढच्याने हे शुद्ध करून लिहू न