हसरा फोटो भिंतीवर लावण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा फोटो स्टुडिओ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हणाले, "तुमचा दवाखाना उघडा आणि माझा स्टुडिओ बंद, म्हणजे सोमवार." त्यांनी लगेच सही केली.

कलम एक. राहतं घर आणि खालचा स्टुडिओ मुलाला. बँकेतली ठेव आणि माझ्या बांगड्या मुलीला. यावरून दोघांनी भांडू नये. भांडायचंच असेल तर पुढच्या वस्तूंवरून भांडावं, त्यांत निदान मजा तरी आहे.

कलम दोन. जिन्याचं चित्र रंगवलेला मोठा पडदा समोरच्या न्हाव्याला द्यावा. हा गृहस्थ नवीन लग्न झाल्यावर बायकोला घेऊन फोटोला आला आणि "जिन्यावरून उतरताना काढा" म्हणत पहिल्या पायरीवर पाय ठेवायला गेला. पडद्यामागे भिंत. नेमकं त्याच वेळी आमच्या ह्यांनी बटण दाबलं. फोटोत हा नाक धरून उभा आहे आणि बायको पोट धरून. त्याने तो फोटो घ्यायला साफ नकार दिला. बायको दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन घेऊन गेली.

कलम तीन. स्टुडिओचा काळा कोट जावईबापूंना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, की हा कोट फक्त पुढून आहे. पाठ कापून नाड्या लावल्या आहेत, म्हणजे काडीपैलवानापासून ढेरपोट्यापर्यंत सगळ्यांना बसतो. जावईबापू आमच्याकडे पहिल्यांदा फोटोला बसले तेव्हा दारात कोणी आलं म्हणून वळले, आणि सगळ्यांना त्यांच्या बनियनची भोकं मोजता आली. तोवर ते फार अदबीने बोलायचे. त्या दिवशी स्वतःच इतके हसले, की मी मुलीला म्हटलं, माणूस चांगला आहे गं.

कलम चार. एका कानाचा लाकडी घोडा आणि दाबलं की ओरडणारं रबरी बदक नातीला. कॅमेऱ्यामागे उभं राहून बदक वाजवायचं काम माझं असे. इथली निम्मी माणसं लहानपणीच्या फोटोत माझ्याकडे बघून हसताहेत. मी मात्र एकाही फोटोत नाही.

कलम पाच. माझे ब्रश, रंग आणि फोटो रंगवायचं उतरतं टेबल फ्लॅशला द्यावं. फ्लॅश म्हणजे आमचा जुना मदतनीस. त्याच्याइतका संथ माणूस मी पाहिला नाही, म्हणून ह्यांनी ते नाव ठेवलं. आता त्या ब्रशांनी मी काय केलं ते सांगते. कोणी गेलं की घरचे धावत यायचे, कारण भिंतीवर लावायला धड फोटोच नसायचा. मग सहलीच्या नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला चेहरा मोठा करायचा. त्यात माणूस खळखळून हसत असायचा. घरचे म्हणायचे, "बाई, तेवढं तोंड मिटवून द्या. बरं दिसत नाही." मी दात बुजवायची, ओठ रंगवायची. लोक समाधानाने घेऊन जायचे. माझा तो धंदाच होता.

कलम सहा. हे मुख्य कलम आहे, मुलाने इथे चष्मा लावावा.

जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकच फोटो निघाला. एकदा दिव्यांची जागा ठरवायला हे स्टुलावर बसले आणि फ्लॅशला म्हणाले, "दाब." फ्लॅशने आधी घाम पुसला, मग चपला नीट ठेवल्या, मग कॅमेऱ्यात डोकावला. तेवढ्यात ह्यांचा धीर सुटला. त्यांनी लहान मुलांच्या फोटोसाठी ठेवलेली कुंची डोक्यावर चढवली, तिच्यावर बदक ठेवलं आणि "अरे, म्हातारा होईन मी!" म्हणून जे हसायला लागले, तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं. त्याची एकच प्रत काढली होती. फिल्म पुढे छत गळून खराब झाली.

हे गेल्यावर मी तोच फोटो मोठा करून हॉलमध्ये लावणार होते. धाकटे दीर आडवे आले. "वहिनी, दादाला चार लोक मानत होते. बदक घेतलेला फोटो लावणार? तोंड तरी मिटवा." मी म्हटलं, "भावजी, जगाची तोंडं मिटवली, ह्यांचं मिटवायला माझा हात चालणार नाही." ते तरातरा फोटो घेऊन दुसऱ्या गावच्या स्टुडिओत गेले. परत आणला तेव्हा बदक गेलं होतं, कुंची गेली होती, तोंड घट्ट मिटलेलं, आणि गळ्यात टाय! ह्यांनी जन्मात टाय घातला नव्हता. मूळ प्रत मागितली तर म्हणाले, "प्रवासात गहाळ झाली." माझा विश्वास बसला नाही, अजूनही नाही. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मुलाला मध्ये घालून काय ते विचारतो.

मुलगा म्हणतो, "आई, जाऊ दे ना आता. फोटोच आहे तो." पण नात हॉलमधून पळत जाते. परवा मला विचारलं, "आजी, आजोबा माझ्यावर का चिडलेत?" मी सांगितलं, ते कधी कोणावर चिडले नाहीत. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. आणि खरं लिहायचं तर हल्ली मीही डोळे मिटून त्यांचं हसणं आठवायला जाते, आणि मला आधी तो टायच दिसतो. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून: माझ्यामागे तो टायवाला फोटो खाली उतरवावा. माझा लावायचा तर मुलीने परवा काढलेला, कवळी नसताना हसतानाचा लावावा. हल्ली मोबाईलवर दोन बोटांत तोंड मिटवता येतं म्हणे. मिटवू नये. वकील म्हणाले, अशी अट कोर्टात टिकत नाही. नाही टिकली तर नाही, मुलाला वाचून थोडी लाज वाटली तरी पुरे.

कलम सात. ह्यांचा कॅमेरा भावजींना. साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावलं आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. मी म्हटलं, ह्या साक्षीदाराला आहे. भावजी, फोटो फाडला असेल तर तसं सांगा. ह्या वयात मी भांडणार नाही, निदान वाट बघायचं तरी थांबवीन.

स्थळ: स्टुडिओची मागची खोली.
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावरचाच.
लिहून देणारी: (सही)

साक्षीदार पहिला: फ्लॅश. (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी जरा उशिरा आलो, पण पाहिली.

साक्षीदार दुसरा: धाकटे दीर. (सही)
सगळं वाचून सही केली. वहिनी, फोटो गहाळ झाला नव्हता. दादा गेला तेव्हा घरात सगळे रडत होते आणि तो एकटाच हसत होता, ते मला सहन झालं नाही. पुढे तेच हसू बघायला रोज कपाट उघडायला लागलो, आणि मग परत द्यायची हिंमत झाली नाही. उद्या सकाळी घेऊन येतो. नातीला शाळेत पाठवू नका.