टोचतंय म्हणते

६ ऑगस्ट

ती. ताईस,
भटक्याचा साष्टांग नमस्कार. मी इथे धडधाकट आहे, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो.

लिहीन लिहीन म्हणत तीन गावं बदलली, पण हात काही कागदाला लागला नाही. कबूल आहे, घाल शिव्या. फोन ट्रकच्या चाकाखाली गेला, आणि खरं सांगू का, त्याच्यावाचून फारसं अडलंही नाही. सध्या सफरचंदांच्या गोदामात खोकी भरतो. इथे एक म्हातारं कुत्रं आहे, ते फक्त डागी फळं खातं. चांगलं दिलं तर तोंड फिरवतं. पण ते राहू दे.

काल जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी काम करणारी बाई फोन बघत डोळे पुसत होती. डोकावलो तर आपले अण्णा! नवी खुर्ची समोर ठेवून त्या रिकाम्या खुर्चीला विचारतायत, टेकलीस का नीट. खाली लाखो लोकांची दाद. म्हटलं, हे माझे वडील, तर कोणाला खरंच वाटेना. मग बसलो समजावत, की आमची आई पाठदुखीची, अण्णांनी बनवलेली प्रत्येक खुर्ची आधी तिने बसून बघायची, आणि ती टोचतंय म्हणाली की पुन्हा रंधा. ती गेल्यावरही ते विचारतात, जरा थांबतात, आणि कधीकधी उठून खरंच रंधा मारतात. हे ऐकून आमच्या मुकादमानेसुद्धा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, एरवी त्याला खोक्यांपलीकडे काही दिसत नाही.

व्हिडिओ तूच काढलास ना? मधेच तुझी शिंक ऐकू येते. आता तुम्ही बडी माणसं. अण्णा काय म्हणतात ते कळव, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भटक्या

१७ ऑगस्ट

चि. भटक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचून जीव भांड्यात पडला. इथे फोन सारखा वाजतो म्हणून मी तो बंदच ठेवते.

तू चेष्टा करतोस, पण घरात हसण्यासारखं काही उरलेलं नाही. व्हिडिओ पसरला तशी एका फर्निचर कंपनीची माणसं आली. अण्णांनी वर्षभर त्यांच्या खुर्च्यांशी तसंच बोलायचं, असं ठरलं. तुझ्या भावोजींनी करार केला, मीही हो म्हटलं. अण्णांचं लाकूड कापायचं यंत्र इतकं जुनं, की त्यांची बोटं शाबूत आहेत हेच नवल. आगाऊ पैशांतून नवं यंत्र आलं.

चित्रीकरणाला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून गेले. दिव्यांच्या झगझगाटात खुर्चीसमोर बसले, विचारलं, थांबले. मग मॅनेजरला शांतपणे म्हणाले, टोचतंय म्हणते, पाठ जरा घासावी लागेल. सगळे हसले. खुर्ची साच्यातून काढलेली, प्लॅस्टिकची, तिला रंधा कुठून लावणार? दिग्दर्शकाने सांगितलं, छान आहे म्हणते असं म्हणा. अण्णा काही केल्या म्हणेनात. शेवटी मीच जवळ गेले आणि म्हटलं, अण्णा, एकदाच म्हणून टाका. माझ्या शब्दाखातर ते म्हणाले.

तेव्हापासून ते कुठल्याच खुर्चीला काही विचारत नाहीत. खुर्ची पुरी झाली की समोर बसतात आणि तसेच उठतात. गेल्या आठवड्यात एक परत आली, पाठ लागते म्हणून. खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच बोलले, "मी तिच्या तोंडी खोटं घातलं. आता ती कशाला बोलेल माझ्याशी?"

महिनाअखेरीस पुढचं चित्रीकरण आहे. तुझे भावोजी म्हणतात, करार मोडता येणार नाही. अण्णा तुझं ऐकतात. ये आणि समजाव त्यांना. काय समजवायचं ते मात्र मला विचारू नकोस.

रागावलास तरी लिहीत जा.

तुझी,
ताई

२३ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार. पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलोय, तेव्हा काय ते समज.

रागावलो नाही. मी तिथे असतो तर भावोजींच्या आधी सही ठोकली असती. पण अण्णांना समजवायला मी येणार नाही. आई कुणाची भीड ठेवत नसे. आठवतं ना, एकदा गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं, आणि ही बाई त्याच्यासमोर म्हणाली, टोचतंय. गिऱ्हाईक तणतणत गेलं. अण्णा ओशाळतील असं वाटलं, तर ते संध्याकाळपर्यंत शीळ घालत रंधा मारत होते. अशा माणसाला मी काय शिकवू?

भावोजींना सांग, यंत्र परत करा. कंपनी आरडाओरडा करेल, करू दे. कमी पडेल ते मी पाठवीन. हसू नकोस, या वेळी खरंच पाठवीन. अण्णा पुन्हा कधी बोलतील मला माहीत नाही. पण निदान कुणी कॅमेरा लावून वाट बघत बसलेलं नको.

इथवर लिहिलं आणि मुकादम धापा टाकत वर आला. फाटकाशी एक म्हातारे माझी चौकशी करतायत म्हणे, खांद्याला हत्यारांची पिशवी. खिडकीतून बघितलं, ताई, अण्णाच आहेत. मुकादमाला म्हणाले, मुलाकडे आलोय, इथे मला कोणी ओळखत नाही, थोडे दिवस राहीन. आणि इथे तर मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. ती व्हिडिओ बघणारी बाई हाका मारून माणसं गोळा करतेय, आणि सगळे खिशातले फोन काढत फाटकाकडे निघालेत. पत्र असंच टाकून जातो. ते फोन अण्णांवर रोखले जायच्या आत मला त्यांच्यापाशी पोचायला हवं.

भटक्या