टिकलीची नोंद

बालीगंज, कोलकाता
२ जुलै २०२४

ती. ताईस,
श्रीधरचा सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा कागदावर. माझा गुडघा ठीक आहे. स्वयंपाकाची बाई आमटीत अजून साखर घालते. बाकी कळवण्यासारखं एकच, शकुनच्या टाकीतल्या पाकट माशावर सरकारची नजर गेली आहे.

चार वर्षांपूर्वी तिनं ते दुकानातून आणलं, ताटलीएवढं गोल, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव टिकली. इथले लोक त्याला शंकर माछ म्हणतात. तू कालवण कधी करणार म्हणून विचारलंस, तर ही तुझी भावजय दोन दिवस तुझ्याशी बोलली नव्हती. आता नियम आलाय की असे परदेशी प्राणी घरात असतील तर ऑगस्टअखेर नोंद करायची. नाही केली तर घेऊन जाऊ शकतात. शकुन गेल्याला सहा महिने झाले. या घरात माझी चाहूल लागली की काचेपाशी येणारं आता तेवढंच एक उरलं आहे. तेही नेलं तर मला इथं राहवणार नाही.

फॉर्म भरला. मालक म्हणून शकुनचं नाव घातलं, कारण पावती तिच्या नावाची आहे आणि पावती व फॉर्म जुळलेच पाहिजेत. काल कचेरीतून फोन आला, मालकांनी स्वतः येऊन सही करावी. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. काय करावं ते कळव.

तुझा,
श्रीधर


वेंगुर्ला
१३ जुलै

चि. श्रीधर,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. हो म्हणालास म्हणजे काय? कुठून नेणार होतास तिला?

पस्तीस वर्षं बँकेत काढलीस. हे गेले तेव्हा माझा पेन्शनचा अर्ज तू इथं ओसरीवर बसून तपासलास आणि परत दिलास, कारण यांच्या नावामागे मी ‘श्री.’ लिहिलं होतं. तिथं ‘कै.’ लागतं, म्हणालास. मला तुझा फार राग आला होता. आत जाऊन रडले आणि मग लिहिलं. तेव्हा तू बरोबर होतास, आता मी आहे. तिचा मृत्यूचा दाखला घे, कचेरीत जा आणि खरं काय ते लिही. मी पाकट ताटातच पाहिलंय, पण हे तुझ्यासाठी टाकीतच राहू दे.

गुडघ्याला तेल लाव. माया आहेच, ती तशीच ठेव. सौ. शकुनला आशीर्वाद.

ताई

ता. क. वरची ओळ सवयीनं लिहून गेले. खोडायला घेतली, पण हात होईना. तशीच पाठवते.


बालीगंज, कोलकाता
११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. नमस्कार.

ती ओळ खोडली नाहीस, बरं केलंस.

मेट्रोनं जाऊन आलो. कचेरीतल्या मुलीनं मेशोमशाई, म्हणजे काका, म्हणून बसवलं, पाणी दिलं आणि दाखला मागितला. मी बँकेत खिडकीमागून बोलायचो तेच शब्द, तेवढ्याच हळू आवाजात. दाखल्याचं पाकीट जानेवारीपासून फोडलं नव्हतं, ते तिच्यासमोर फोडलं. मालक श्रीधर. प्राणी कसा मिळाला, वारसाहक्कानं. पूर्वीच्या मालकाच्या नावाआधी तिनं ‘लेट’ लिहायला सांगितलं. इंग्रजीत होतं म्हणून जमलं. ‘कै.’ लिही म्हणाली असती तर उठून आलो असतो.

गेल्या मंगळवारी दोन माणसं येऊन टिकलीचे फोटो काढून गेली. नोंदीचा कागद काल आला, माझ्या नावाचा. आता तिला कोणी नेणार नाही. टिकली कोळंबी माझ्या हातून खायला लागली आहे, पण सोललेलीच लागते. शकुननं लाडावून ठेवलंय.

सरकारी कागदावर लिहायचं ते लिहून झालं. घरच्या पत्रात मात्र मी फेरफार करणार नाही, तूही करू नकोस. आशीर्वाद आहेतच, पत्रही पाठवत राहा.

तुझा,
श्रीधर

सौ. शकुनचा तुला नमस्कार.