काकांची एरंडेलाची बाटली

हैदराबाद, ४ सप्टेंबर १९९६

हेमचंद्र, माझ्या गुणी पण मुक्या भावा,

लहानपणापासून तुझं-माझं गाऱ्हाणं एकच. पोट दुखो की फुगो, भगवानरावकाका नाक दाबून एरंडेल पाजणार आणि घरात कोणी चकार शब्द काढणार नाही.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. पण तुझं पत्र वाचून डोकं भणाणलं. पाच दिवसांच्या हगवणीनंतर आईचं पोट फुगलं, आदिलाबादच्या दवाखान्यात सलाईनमधून पोटॅशियम सुरू झालं, आणि काका खाटेशी एरंडेल घेऊन बसलेत! "आतडं झोपून राह्यलं, जुलाब दे, मंग उठते," म्हणे. आणि तू गप्प!

अरे, ते झोपलं कशाने? आतड्याच्या स्नायूपेशींना पोटॅशियमची बारीक दारं असतात. पोटॅशियम बाहेर पडलं की स्नायू शांत होतो. दारं मिटली की विजेची लाट उठते आणि आतडं हलतं. हगवणीने रक्तातलं पोटॅशियम घटलं, म्हणून पेशीतलं जास्तच ओढीने बाहेर जातं आणि लाट उठतच नाही. एरंडेलाने उरलंसुरलंही वाहून जाईल. आईच्या जिवावर बेतेल ते! हे मी दरवर्षी वर्गात शिकवते, आणि माझ्याच आईच्या उशाशी ती बाटली!

काका वडिलांच्या जागी आहेत, मान्य. पण त्यांचा मान राखायला आई द्यायची का?

आई बोलते का? वहिनी जेवते ना वेळेवर? शनिवारी मी पोचतेच. तोवर एकच कर. हे पत्र खाली ठेव, बाटली उचल आणि काकांच्या देखत नर्सबाईंच्या हाती दे.

तुझी ताई,
पद्मजा