शहराचा व्हॉल्व्ह

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मजा कसली! माझ्या चिमीच्या उलट्या कालपासून थांबल्यात, एवढंच. वहिनीने पाठवलेलं गुडघ्याचं तेल पोचलं, तिला सांग.

तुझं पत्र मिळालं. ‘हट्ट सोड, व्हॉल्व्ह उघड, लोक तुला शिव्या घालतायत.’ घालतायतच! टँकरच्या रांगेत एकीने रिकामी बादली नाचवत विचारलं, “काय पाणीवाल्या बाई, अंघोळ झाली का?” म्हटलं, “कुठली गं, तुझ्याच मागे उभी आहे.” मग हसली बिचारी.

आमच्या जलशुद्धीकरण केंद्राची रीत तुला ठाऊक आहे. शहराला पाणी सोडणाऱ्याने आधी एक पेला स्वतः प्यायचा. शनिवार-रविवार माझी सुट्टी होती आणि बदलीवाल्याने पेला प्यायचा आळस केला. ते पाणी घरोघर गेलं. सोमवारी मी पेला तोंडाशी नेला आणि तसाच ओतून दिला. असला वास! शहराकडे जाणारा व्हॉल्व्ह उघडलाच नाही.

साहेब धावत आले. “क्लोरीन वाढवा, वास मरेल.”

“वास मरेल साहेब, विष मरेल का?”

“नदीकाठी एवढे कारखाने. कुणाचं म्हणायचं?”

तेव्हा मी गप्प बसले. तुझ्यासाठी बसले.

वास मी ओळखला होता, दादा. तुझ्या शर्टांचा. तू कारखान्यात नवीन नोकरीला लागलास तेव्हा आई ते घराबाहेर भिजत घालायची, कितीही घासले तरी जायचा नाही. आज तू तिथला मॅनेजर आहेस. तुला न विचारता टाक्या नदीत रिकाम्या होतात, असं मला सांगू नकोस. मी काही दूधखुळी नाही.

‘घरातलं घरात ठेव’ म्हणतोस. अरे, घरातलं राहिलंय कुठे? नळानळातून गेलंय!

काल दवाखान्यात चिमीच्या वर्गातल्या पोरी सलाईन लावून पडलेल्या पाहिल्या आणि माझ्याने राहवेना. पाण्याच्या चौकशीला आलेल्यांना कारखान्याचं नाव सांगितलं. तुझंही सांगितलं. सख्खा भाऊ आहे, हेही मीच सांगितलं. रडले, पण सांगितलं.

उद्या सकाळी ते तुझ्या कारखान्याच्या फाटकाशी येतील. सोबत मी असेन. पत्र आजच माणसाच्या हाती पाठवतेय, ते तू पळावंस म्हणून नाही. नदीत जाणारा पाइप आजच्या आज स्वतःच्या हाताने बंद कर आणि उद्या खरं बोल. बोललास तर जगाने थुंकलं तरी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही बोललास, तर समोर.

कुठेही उभी असले तरी तुझीच,
बहीण