आयोवात एकदाच विचारतात

एम्स, आयोवा
३ एप्रिल २०२४

चि. धरणेंद्र यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद आन जय जिनेंद्र.

तुझ्या कानाच्या मशीनला फोन लावला की ती शिट्टी मारती, आन हितं फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून पत्र लिवतीया. कुणाला दाखवू नकोस. बायकोला वाचून दाखवशील ते ठाऊक हाय, तेवढं चालंल.

मी बरी हाय. बर्फ गेला, शेतं काळी दिसाय लागल्यात. मका आन सोयाबीन सोडून दुसरं काय लावतच न्हाईत. माणसं साधी हाईत. शेजारचा म्हातारा शेतकरी गाडीतनं जाताना स्टेअरिंगवरनं एक बोट उचलतो, तेवढाच नमस्कार. संध्याकाळी साडेपाचला जेवत्यात, हे मला लय पटलं, दिवस मावळायच्या आत सगळं उरकतं. वारा फिरला की डुकरांच्या फार्मचा वास येतो, तवा खिडक्या लावून घेती.

पण पत्र लिवायचं कारण येगळं हाय. मला गोमटेशचा लय राग आलाय. आयतवारी जेवताना पोरगं म्हणलं की आई, तू आता कायमची हितंच राहतीस का, ग्रीन कार्डाचे कागद करू का. मी म्हणलं नको रं, कशाला तुला तरास. कुणीबी असंच म्हणंल. पयल्या बोलाला हो कोण म्हणतं? त्यो जेवून उठला. दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो की चोवीस जुलैचं परतीचं तिकीट काढलंय, आन मे-जूनात बहिणीकडं, प्रीतीकडं मिनेसोटाला राहून ये. खिडकीची जागा मिळाली म्हणून वर खूश.

ह्याला मी एकेक भाकरी तीनदा इचारून वाढली. सतरा वर्षं हितं राहून हितल्यासारखा झालाय. हितं एकदा इचारत्यात, नको म्हणलं की भांडं उचलत्यात. पल्लवी सून गुणाची, पण तीबी तसलीच झालीया.

मला राहायचं हाय रं. हे त्याला सांगू नकोस, तुला माझी शपथ. मागून घेतलेलं राहणं मला नको.

कानाला जप, आन ह्या म्हातारीला उत्तर लवकर धाड.
तुझी आक्का

•

कोरेगाव
२४ एप्रिल २०२४

ती. स्व. आक्कास,
धाकट्या धरणेंद्राचा सा. न. वि. वि.

पत्र एकवीस दिवसांनी मिळालं. वाचून डोकं फिरलं, निम्मं गोमटेशवर आणि निम्मं तुझ्यावर.

मला कोरेगावात येऊन तेहतीस वर्षं झाली. इथल्या शाळेतून निवृत्त झालो, इथंच घर बांधलं, तरी मी अजून सांगलीचाच गुरुजी. पहिल्या वर्षी नानासो हेडमास्तरांनी जेवायला बोलावलं. त्यांची आई दुसरी पोळी घेऊन आली, मी नको म्हणालो आणि ती सरळ पुढच्या पानाकडं गेली. अर्धपोटी उठलो. आपल्या तासगावाहून इथं यायला एस.टी.नं तीन-चार तास, पण तेवढ्यात माणूस बदलतो. इथं बोललं की तुकडा पडतो. पुढं मी शिकलो. भूक असली की आता पहिल्यांदाच हो म्हणतो. तू सहा महिन्यांसाठी गेलीस, तुला हे कुणी सांगायला हवं होतं.

मागून राहणं नको म्हणतेस, मग तुझ्या मनातलं त्याला कळावं कसं? तू कशी गं अशी? शपथ घालून माझे हात बांधलेस. तरी मी त्याला पत्र टाकतोय, त्यात एवढंच की आईला नीट विचार. हे काही शपथ मोडणं नव्हे.

तासगावच्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. परवा जाऊन पाण्याची टाकी धुवून घेतली. रंगूबाई दर गुरुवारी झाडून जाते. तिथं नको वाटलं तर आमच्याकडं ये. हे एकदा लिहिलंय, तुझ्या रीतीप्रमाणं आणखी दोनदा लिहिलं असं समज.

माया आहे ती रागासकट गोड मानून घे.
तुझा धरणेंद्र

•

एम्स, आयोवा
१४ मे २०२४

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. शाळा सुटल्यापासून एवढी बोलणी खाल्ली नव्हती.

मामा, मी आईला नीटच विचारलं होतं. पल्लवीशी महिनाभर बोललो, वकिलाला भेटलो, मग विचारलं. ती नको म्हणाली. आता परत विचारायचं म्हणजे तुला तुझं मन कळत नाही असं तिला सांगायचं. ते मला जमत नाही.

आपल्या घरात माझं नको कधी कुणी ऐकलं नाही. मला शेतकी कॉलेजला जायचं नव्हतं. मी चारदा नको म्हणालो आणि सगळ्यांना वाटलं की पोरगं लाजतंय. शेवटी बाप म्हणून आण्णांनी जाऊन फी भरली. इथं आलो तेव्हा पहिल्यांदा एका माणसानं माझं नको ऐकून विषय सोडून दिला. इतकं बरं वाटलं की याच गावात घर केलं. पुढं मिनेसोटात जास्त पगाराची नोकरी मिळत होती, प्रीतीही जवळ होती, पण गेलो नाही. तिथली माणसं पुन्हा आपल्यासारखी, मनातलं ओळखून घ्या म्हणणारी.

आईला राहायचं असेल तर तिनं मला सांगावं. तुम्हाला काही माहीत असेल तर तिला म्हणा की गोमटेशला सांग. मला माणसांचा अंदाज लावता येत नाही, दर वेळी चुकतो, आणि त्याचा मलाच वैताग येतो.

रागावलात तरी भाचा म्हणून जवळ ठेवा.
आपला गोमटेश

•

रॉचेस्टर, मिनेसोटा
१६ जून २०२४

चि. धरणेंद्र यास,
आक्काचे आशीर्वाद.

लेकीकडं येऊन दीड महिना झाला. आयोवातनं यायला तीन तास, मधे नाका न्हाई, पोलीस न्हाई, मकाबी तीच. रस्त्यात राज्य बदलल्याची एक पाटी येती, तेवढीच. पण पाटीच्या अल्याड-पल्याडची माणसं येगळी. ही तिकडच्यांना हसत्यात, ती हिकडच्यांना.

शेजारीण कॅरल माझ्याच वयाची, माझं मोडकं इंग्रजी तिला कळतं. पयल्या दिवशी शंकरपाळ्या धरल्या तर नको म्हणाली. परत म्हणलं तर परत नको. तिसऱ्यांदा म्हणलं तवा मूठभर घेतल्या. जाताना दारात आर्धा तास बोलत उभी. मला वाटलं ही तर सांगलीचीच, उगीच तीन महिने तिकडं काढले. दर खेपेला म्हणायची की एकदा कॉफीला ये. चारदा म्हणाली, म्हणून बुधवारी डबा घेऊन गेले. दार उघडून माझ्याकडं बघतच राहिली, हातात गाडीची किल्ली. लय गोड हसली, डबा घेतला, एकदा कॉफीला ये म्हणून परत सांगितलं, आन गाडी काढून गेली. प्रीतीला सांगितलं तर ती हसत सुटली. ती नुसती बोलायची रीत हाय म्हणाली.

मला लाज वाटली, आन संतापबी आला. मग वाटलं, आपण तरी दुसरं काय करतो. जेवूनच जा म्हणतो, आन मनात म्हणतो आता उठा.

दुसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं, आत गोमटेशनं तुला लिवलेलं पत्र. पाच येळा वाचलं. पोरगं लाजतंय, फी भरा, हे आण्णास्नी मीच सांगितलं हुतं.

फेब्रुवारीत त्या आयोवातल्या म्हाताऱ्यानं एकदाच इचारलं की दारातला बर्फ काढू का. गोमटेश हो म्हणला, तर सकाळी सहाला फावडं घेऊन हजर. तिकडं एकदाच इचारत्यात, पण ते खरं असतं. माझ्या पोरानं मला खरंच इचारलं हुतं धरणेंद्र, आन मी रीत पाळत बसले. आता कुणावर चिडू?

तुला घातलेली शपथ सोडली. पण तू काय लिवू नकोस, मीच लिवती.

तुम्हा दोघांची याद लय येती.
तुझी आक्का

•

रॉचेस्टर, मिनेसोटा
१७ जून २०२४

चि. गोमटेश यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

मला तुझ्याकडं राहायचं हाय.

एवढं लिवायला तीन कागद फाडले. तिन्हीवर हवापाणीच लिवलं जात हुतं.

आण्णा गेल्यापास्नं तासगावच्या घरात मला एकटीला भ्या वाटतं. दिवसाबी वाटतं. दोन वर्षं कुणाला बोलले न्हाई, मामालाबी न्हाई. तू फोनवर इचारायचास की बरी हाईस न्हवं, मी म्हणायची लय बरी. मग तू दुसरं काय धरणार?

तुझं शेतकीचं नको मी ऐकलं न्हाई. ते माझं चुकलं.

आता कागद करायचं जमत नसंल, पल्लवीला अडचण असंल, तर न्हाई म्हण. तुझं न्हाई मी न्हाईच धरीन आन चोवीसला इमानात बसेन. फक्त मला बरं वाटावं म्हणून गोड लिवू नकोस.

काय असंल ते असंल, माझी माया कमी व्हायची न्हाई.
तुझी आई

•

एम्स, आयोवा
२५ जून २०२४

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र शुक्रवारी मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला सरळ काही सांगितलं. पल्लवीनं वाचलं आणि ती म्हणाली की फोन करू नकोस, जा. शनिवारी सकाळी निघालो, साडेदहाला प्रीतीच्या दारात होतो.

आईनं दार उघडलं आणि तिथंच सुरू झाली. एवढ्या लांब कशाला आलास, पत्रातलं मनावर घेऊ नकोस, तिकीट वाया जाईल, मी जाते आपली तासगावला, मामा आहे ना तिकडं. मी उंबऱ्यावर थांबलो. पत्रातलं खरं की तोंडावरचं, हे मला पुन्हा कळेना. नको म्हणणाऱ्या माणसापुढं दोन पावलं मागं यायची सवय लागलीय मला, आणि खरं सांगतो, मी मागं वळलोच होतो.

तेव्हा तिच्या मागं भिंतीपाशी तिची बॅग दिसली. भरलेली, कुलूप लावलेली, वर स्वेटर घडी घालून ठेवलेला. प्रीती म्हणाली की कालपासून तशीच आहे.

मी बॅग उचलून गाडीत ठेवली. गाडीत बसून पट्टा लावेपर्यंत आई नको नकोच म्हणत होती. मी ऐकलं नाही. काल सोमवारी कागद वकिलाकडं दिले. मामींना नमस्कार सांगा, आणि तासगावची किल्ली सध्या तुमच्याकडंच राहू द्या.

भाच्यावरचा राग गेला असेल तर तसं दोन ओळींत कळवा.
आपला गोमटेश