तलावावरचं शूटिंग

ऊर्जानगर, ता. ४ मार्च १९९८

ती. कुंताबाईस देवानंदचा सा. न. वि. वि.

कॅसेट तयार झाली! टीव्हीवर मी स्वतः पाहिलं, परदेशात लोकांनी कॅमेरे फिरवले आणि सरकारं पळाली. आपल्या ढिवरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तलाव लिलावात ठेकेदाराला गेला, तरी गावानं न भिता जाळं टाकलं, हे आता जग पाहील. पेपरवाल्यांना प्रती धाडल्या आहेत. भाऊजींना म्हणावं, क्रांती झालीच समजा.

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

देवानंद

पो. पोंभुर्णा, ता. १९ मार्च

चि. देवानंदास अ. उ. आ.

झाली बाबा क्रांती. तुझी एक कॅसेट ठेकेदारानं मिळवली आणि ठाण्यात नेऊन दिली. तू आणलेला फैज पडला लग्नाचं शूटिंग करणारा. एखादा पाहुणा सुटला तर रुसतो, म्हणून एकेकाच्या तोंडापुढं कॅमेरा धरायची त्याला सवय. आपली माणसंही शहाणी! केस विंचरून, खांद्यावर जाळं टाकून, एकेकानं हात जोडले. सत्यशीलानं तर पदर सावरून दोनदा. पोलिसांनी टीव्ही लावला, चहा मागवला आणि बसल्या जागी नावं लिहून घेतली.

तुझे भाऊजी होळीपासून आत आहेत. साऱ्या कॅसेटीत तू तेवढा दिसत नाहीस, कारण तू फैजच्या मागं उभा होतास. तुझी पक्की नोकरी आहे, जामीन राहायला लगोलग ये. मला रात्रंदिवस भीती वाटते.

बहिणीचा जीव टांगणीला आहे, एवढं जाण.

कुंता

ऊर्जानगर, ता. २५ मार्च

ती. बाईस सा. न.

वाचून फार वाईट वाटलं. पण मी जामीन राहिलो तर नोकरीवर गदा येईल, आणि सध्या रजाही नाही. क्रांतीत थोडं सोसावं लागतं, असं भाऊजींना सांग. माझं नाव मात्र कुठं निघू देऊ नकोस. पत्र चुलीत घाल.

देवानंद

पो. पोंभुर्णा, ता. ६ एप्रिल

देवानंदास आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

तुझे भाऊजी काल सुटले. बाजारातले गफ्फारभाई टेलर स्वतःचं घर लिहून देऊन जामीन राहिले. तलावातली मासोळी ठेकेदारानं काढून नेली.

कॅमेऱ्यात तोंड आलं नाही तरी आवाज भरतो, हे तुला ठाऊक नसेल. ठाण्यात आम्हा साऱ्यांना बसवून कॅसेट लावली. त्यात एकजण सारखा ओरडत होता की तोंड वर करा, भिऊ नका, मी आहो ना तुमच्या मांगं. हा कोण, असं साहेबानं एकेकाला विचारलं. साऱ्यांनी आवाज ओळखला. साऱ्यांनी सांगितलं, मालूम नाई. भाऊजींनीही तेच सांगितलं, मीही तेच.

तुझ्यासाठी नाही. असा माणूस आपला आहे, हे सांगायची लाज वाटली.

कुंता